पानावर नसलेलं पाणी

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथं देते.

"माझी मुलगी सव्वासहा वर्षांची, पहिलीला आहे. वाढदिवसाला तिच्या मामानं चित्रांची पाच पुस्तकं आणली. एकेका पानावर मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळी. तिला अक्षरं जोडून वाचता येतं, पण या पुस्तकांतलं ती वाचतच नाही. चित्र बघते आणि मनाचंच सांगत सुटते. परवा रेल्वेचं पान होतं. खाली लिहिलंय, 'मिनू आजीच्या गावाला निघाली.' ही म्हणते, या रेल्वेत पाणी आहे, सगळ्या डब्यांत पाणीच पाणी, आणि माणसं घागरी घेऊन उभी आहेत. चित्रात एक माणूस नाही! माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणाले, पोरगी थापा मारायला शिकली, एवढ्या पैशांत चार वर्कबुकं आली असती. मी रोज पुस्तक संपलं की विचारते, यातून काय शिकलीस? तर ती पुस्तक तिथंच टाकून पळते. माझं काय चुकतंय? अशी पुस्तकं घ्यावीत का, घ्यायची तर कोणती? आणि खरं सांगा, हे कल्पनाबिल्पना पुढं अभ्यासात कुठं उपयोगाला येतं का?"

ताई, आधी रेल्वेचं मिटवू.

तुमच्या लेकीनं थाप मारलेली नाही. पाण्याची रेल्वे खरीच होती, आणि ती तुमच्याच गावात आली होती. एप्रिल २०१६. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, टँकरपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. अशात मिरजेहून रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, एकेका टाकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी साधारण साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून लातूरला आलं. पुढं तिचं नाव पडलं 'जलदूत'.

तुमची मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. मग तिला हे कुठून कळलं? घरातच कुणीतरी सांगितलं असणार. मला तर दाट शंका आहे की तुमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनीच सांगितलं असेल, उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना, 'तुमच्या नळाला पाणी येतंय म्हणून माज आहे, आम्ही काय दिवस काढलेत' अशा थाटात. लेकरानं ते ऐकलं, मनात ठेवलं आणि मामानं आणलेल्या पुस्तकात रेल्वे दिसताच तिथं नेऊन जोडलं. माणसं चित्रात नाहीत हे तिलाही दिसतंय हो. पण चित्राची चौकट संपली तरी फलाट संपत नाही, एवढं तिला कळतं.

आता एक करा. ते पान पुन्हा उघडा आणि तिला विचारा, 'पाणी आहे हे तुला कुठं दिसलं?' आवाजात संशय नको, खरोखर जाणून घ्यायचंय असं विचारा. पैजेवर सांगते, ती कुठंतरी बोट ठेवेल. डबे गोलसर काढलेले असतील, टाकीसारखे. किंवा खिडक्यांना निळा रंग असेल. चित्रकारानं तो सहज दिला असेल नाहीतर मुद्दाम, आपल्याला काय माहीत. पण तिला तो दिसला आणि तुम्हाला दिसला नाही, कारण तुम्ही खालची ओळ वाचत होतात. आपलं मोठ्यांचं हेच होतं. अक्षर दिसलं की नजर तिथं चिकटते, आणि चित्र म्हणजे नुसती सजावट, जेवणाच्या ताटाभोवतीच्या रांगोळीसारखी.

चांगल्या चित्रपुस्तकात ती सजावट नसते. तिथं चित्र एक बोलतं आणि शब्द दुसरं. पॅट हचिन्स नावाच्या इंग्रज चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक' हे १९६८ सालचं पुस्तक आहे. सबंध पुस्तकात शब्द फक्त बत्तीस, तेही एकाच वाक्यात. रोझी नावाची कोंबडी अंगणातून, तळ्याकाठून, गवताच्या गंजीवरून फिरून जेवायच्या वेळेला घरी येते, एवढंच त्या वाक्यात आहे. चित्रात मात्र तिच्या मागं पहिल्या पानापासून एक कोल्हा लागलाय. तो कधी दाताळ्यावर पाय देऊन तोंड फोडून घेतो, कधी तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या त्याच्या मागं लागतात. शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा नाही.

नोकरीत असताना हे पुस्तक मी रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेत नेलं होतं. पहिली-दुसरीची लेकरं, बस्करावर दाटीवाटीनं बसलेली. मी अगदी शहाण्यासारखं वाचायला लागले, 'रोझी कोंबडी फिरायला निघाली.' दुसऱ्या पानाला मागून आरडाओरडा. "मॅडम, मागं बगा की, मागं! कोल्हं आलंय!" मी वळून खिडकीकडं बघितलं. वर्ग हसून हसून लोळला. मग मी वेड पांघरलं, "कुठाय कोल्हा? इथं तर लिहिलेलं नाही." झालं, पुढची वीस मिनिटं मला काही वाचावंच लागलं नाही. कोल्हा कसा आला, का आला, त्याच्या घरी लेकरं उपाशी असतील का, कोंबडीला खरंच कळलं नाही की कळून न कळल्यासारखं करतीय, सगळं त्यांनीच काढलं. कुणीतरी विचारलं, पुस्तक लिहिणारीला कोल्हा दिसला नाही का? यावर एक किडकिडीत पोरगी, तोवर गप्प बसलेली, म्हणाली, "दिसलाय की तिला. लिव्हलं तर कोंबडी वाचंल ना."

बत्तीस वर्षं शिकवलं मी. पुस्तकात काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, याबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, 'मनाचंच सांगते' ही तक्रार नाही. ती चित्र वाचतेय. पहिलीच्या बालभारतीच्या पुस्तकातही नुसत्या चित्रांची पानं असतात, ती याचसाठी. आपल्या वर्गांतून ती पानं 'हे काय? झाड. हे काय? गाय. चला पुढं' अशी दोन मिनिटांत उलटली जातात हा भाग वेगळा. मीसुद्धा उलटलीत.

आता तुम्ही काय चुकताय ते. 'यातून काय शिकलीस' हा प्रश्न. ताई, या प्रश्नात मी तुमच्यापेक्षा मोठी गुन्हेगार आहे, म्हणून मोकळेपणानं बोलते. निवृत्त झाल्यावर अंबाजोगाईत मी घराच्या पडवीत लेकरांसाठी एक पेटी ठेवली, लोखंडी ट्रंक, चाळीसेक पुस्तकं. शनिवारी यायचं, पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणायचं. परत देताना माझी एकच अट, गोष्टीचा बोध सांगायचा. एक दुसरीतला मुलगा होता, मोठा चौकस. तिसऱ्या शनिवारी तो दारातूनच, चप्पल काढायच्या आधी ओरडला, "बोध, खोटं बोलू नये!" पुस्तक होतं पावसाचं. ढग कसे येतात, बेडूक कसे ओरडतात. त्याआधीच्या पुस्तकाचाही बोध त्यानं हाच दिला होता, आणि ते होतं हत्तीच्या आंघोळीचं. मी हिशोब केला तर दोन्ही पुस्तकं त्यानं उघडलीच नव्हती. बोध मात्र चोख. त्याला माझा प्रश्नपत्रिकेचा पॅटर्न सापडला होता, लातूरच्या इतक्या जवळचा पोरगा, सापडणारच! त्या दिवसापासून पडवीत बोध बंद केला. आठवड्याभरानं त्यानं पावसाचं पुस्तक परत मागून नेलं.

तुमची मुलगी पळते, त्यात तिचं काही चुकत नाही. सिनेमा संपल्यावर दारात कुणी वही-पेन घेऊन उभं राहिलं, 'बोध लिहा आणि मग बाहेर पडा', तर आपणही मागच्या दारानं पळू.

मग विचारायचं काय? अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी अमेरिकेत संग्रहालयातली चित्रं लोकांना कशी बघायला शिकवावीत यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यातून शेवटी प्रश्न उरले तीन. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? मी ते आपल्या भाषेत आणून वापरते, 'काय चाललंय गं इथं?', 'कुठं दिसलं तुला?', 'अजून?' एवढ्यावर पाऊण तास सहज जातो. यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण लेकरू पुन्हा चित्राकडं वळतं. आबांना थापेची जी भीती वाटते ना, तिच्यावर इलाजही हाच आहे. मनाचं सांग, पण बोट कुठं ठेवतेस ते दाखव.

प्रश्न विचारणं अवघड नाही, विचारून झाल्यावर गप्प बसणं अवघड आहे. प्रश्न टाकला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. चारवर आल्यावर तुमच्या तोंडात उत्तर येईल, ते गिळा. सहाच्या आसपास लेकरू छताकडं बघेल, पायाचा अंगठा ओढेल, तुम्हाला वाटेल हिचं लक्ष नाही. लक्ष असतं. आठ-नऊला बोलेल. आणि बोलली की 'शाब्बास' म्हणू नका लगेच. शाब्बास म्हटलं की तिला कळतं, बरोबर उत्तर सापडलं, विषय संपला. त्यापेक्षा तिचंच वाक्य थोडं वाढवून तिला परत द्या. ती म्हणाली 'पाणी', तुम्ही म्हणा, 'अच्छा, पाण्यानं भरलेली रेल्वे. मग मिनू बसली कुठं?'

हे नुसतं लाडाकोडाचं नाही, ताई. आबांना हवा असेल तर आकडेवारीवाला पुरावाही आहे. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी एक प्रयोग केला. सगळेच आईबाप मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवत होते. त्यातल्या निम्म्यांना फक्त एवढंच शिकवलं की हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न टाळा, मोकळे प्रश्न विचारा आणि मुलाचं उत्तर वाढवून त्याला परत द्या. महिनाभरात ही मुलं बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढं गेली. दोन्हीकडं वाचन चालूच होतं. फरक पडला तो वाचताना कोण जास्त बोलतंय याचा. परीक्षेत निबंध असतो, तोंडी असते, गणितातलं शाब्दिक उदाहरण असतं. ज्या लेकराला चित्रात काय चाललंय ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याला 'रामूकडे बारा आंबे होते' हेही डोळ्यांसमोर आणता येतं. आबांसाठी एवढं पुरे.

खरं तर आबांना पटवायला अमेरिकेला जायची गरजच नव्हती. ते शिक्षक होते म्हणजे शाळेची सहल वेरूळला नेलीच असेल. कैलास लेण्याच्या भिंतीवर एका बाजूला रामायणाचा पट आहे, दुसऱ्या बाजूला महाभारताचा. चित्रांच्या ओळींवर ओळी. तिथं आबांनी छडी रोखून सांगितलंच असेल, 'हा बघा हनुमान, इथं सेतू बांधतायत.' पोरांनी विचारलं असेल, 'सर, हे वानर दगड कुठून आणतंय?' आणि सरांनी दिलं असेल उत्तर मनानंच. तेच हे! अजिंठ्याला सतरा नंबरच्या लेण्यात तर जातकांच्या, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या, गोष्टी एका ओळीतही नाहीत, एकाच भिंतीवर राजवाड्यातलं सगळं एकीकडं, अरण्यातलं सगळं दुसरीकडं, गोष्टीचा रस्ता आपला आपण काढायचा. आणि चित्रांचे सुटे कागद एकामागून एक पुढं धरून रात्रभर गोष्ट सांगणारे चित्रकथी आपल्याकडं होतेच, त्या चित्रांच्या एका शैलीला तर पैठणचंच नाव आहे. चित्रपुस्तक हे काही कॉन्व्हेंटचं फॅड नाही, असं आबांना माझा नमस्कार सांगून कळवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट सांगायला हवी. अशा गप्पांत कधी कधी आपण तयार नसतो असं काहीतरी पुढं येतं.

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेत डिसेंबरात गेले होते. पुस्तकात एक पान होतं, चुलीपुढं आजी, समोर नातू, ताटात भाकरी. ओळ होती भाकरी किती गोल आहे, चंद्रासारखी, असल्या थाटाची. मी विचारलं, काय चाललंय? एक मुलगा म्हणाला, "याचे मायबाप कारखान्याला गेलेत." कारखान्याला म्हणजे ऊसतोडीला. मी सवयीनं विचारलं, कुठं दिसलं? त्यानं चित्रातल्या भिंतीवर बोट ठेवलं. खुंटीला एकच पिशवी होती. "मोठ्या माणसाचं कायबी न्हाई घरात. चपला बी दोनच." चित्रकाराच्या मनात हे होतं का? नसेलही. पण त्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त लेकरांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेले होते आणि ती सगळी आजीपाशी राहिलेली होती. चंद्रासारखी भाकरी बाजूलाच राहिली. फोनवर आई काय बोलते, वेणी कोण घालतं, आजीला रात्री दिसत नाही मग दार कोण लावतं, हे सुरू झालं. कुणी रडलं वगैरे नाही. उलट फार हिशोबी बोलत होती, मोठ्या माणसांसारखी. एकानं सांगितलं, मी नातवाच्या जागी असतो तर दोन भाकरी लपवून ठेवल्या असत्या, मायबाप रात्रीतून आले तर?

मला तिथं काही शहाणं सुचलं नाही, आणि ते बरंच झालं. मी विचारलं, कुठं लपवल्या असत्या? तो म्हणाला, दुरडीखाली. मग सगळ्यांनी कागदावर ती दुरडी काढली. पुस्तकात नसलेलं पान म्हणून. कुणाच्या दुरडीखाली भाकरी होती, कुणाच्या मोबाइल, एकीच्या दुरडीखाली आख्खी बैलगाडी होती.

तर तुमची लेक चित्रात काही बघून असं बोलली, आजारपणाचं, भांडणाचं, कुणाच्या मरणाचं, तर दचकून पान उलटू नका. 'असं नाही बोलू' म्हणू नका. एक साधा पुढचा प्रश्न पुरतो.

अक्षरांची काळजी तुम्ही करताय, तीही समजते. त्यावर माझी एक युक्ती आहे. आधी तिला चित्रावरून तिची गोष्ट पूर्ण सांगू द्या. मग म्हणा, 'आता पुस्तक काय म्हणतंय ते बघू या', आणि ओळीखाली बोट फिरवत तुम्ही वाचा. दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि मग लेकरू आपणहून अक्षरांकडं येतं, कारण आपली बरी की पुस्तकाची हे तिला ठरवायचं असतं. बहुतेक वेळा तिची बरी असते. वाचनाचा सराव करायचा असेल तर तो दुसऱ्या वेळी, दुसऱ्या पुस्तकावर. झोपतानाचं पुस्तक सरावाला जुंपू नका. दुसरी इयत्ता संपत आली तरी जोडाक्षरांशिवायचं सोपं वाक्यही वाचता येईना, तर मात्र डोळे तपासा आणि बाईंशी बोला. तशी लक्षणं तुमच्या पत्रात तरी मला दिसत नाहीत.

पुस्तकं कोणती, यावर नावांची यादी मागितलीत, ती देत नाही. यादी दिली की लोक यादी विकत घेतात. दुकानात उभं राहून करायची परीक्षा सांगते. खालच्या ओळीवर हात ठेवा आणि नुसतं चित्र बघा. त्यात ओळीत नसलेलं काही दिसलं, कोपऱ्यात मांजर, दाराआड कुणीतरी, भलत्याच रंगाचं आभाळ, तर घ्या. ओळीत 'लाल चेंडू' आणि चित्रात नुसता लाल चेंडू असेल तर ठेवून द्या, ते दोन वर्षांच्या बाळाला. शेवटच्या पानावर चौकटीत 'तात्पर्य' छापलेलं असेल तर मी तरी घेत नाही. आणि ती गुळगुळीत कागदाची, मोठ्या डोळ्यांच्या सारख्याच तोंडवळ्याच्या प्राण्यांची स्वस्त पुस्तकं बसस्टँडवर मिळतात, त्यांतल्या ससा आणि सिंहाच्या चेहऱ्यावर एकच हसू असतं. त्यावर बोलायला काही उरत नाही.

मराठीत माधुरी पुरंदरे यांनी लिहिलेली आणि स्वतः चित्रं काढलेली पुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाकडं आहेत, तिथून सुरुवात करा. त्यांच्या चित्रांतली घरं आपल्या घरांसारखी पसाऱ्याची असतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं मराठीतही आहेत. चेन्नईचं तूलिका प्रकाशन मराठीतून काढतं. आणि पैसेच खर्च करायचे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून. तिथली पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात, मराठीतलीही पुष्कळ आहेत, पहिली ते चौथी अशा पातळ्या लावलेल्या आहेत. फक्त मोबाइलवर दाखवू नका. बोट ठेवलं की पान सरकतं, आणि आपल्याला तर बोट ठेवूनच बोलायचंय. झेरॉक्सच्या दुकानात काळंपांढरं छापून घ्या, आभाळाला कोणता रंग द्यायचा ते ती ठरवेल.

पाच पुस्तकं आहेत ना घरात? वर्षभर पुरतील. तेच तेच पुस्तक पुन्हा आणलं तर वैतागू नका. विसाव्या वेळेला तिला कोपऱ्यातली मुंगी सापडते.

आणि एक पुस्तक घरीच करा. गेल्या लग्नसराईतल्या पत्रिका असतील, जाड कागदाच्या, एका बाजूनं कोऱ्या. आठ सारख्या मापाच्या निवडा, मध्ये दुमडा, एकात एक घाला. दुमडीवर तीन भोकं पाडायची. दाभण तुम्ही चालवा, दोरा तिला ओवू द्या. मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यात आणून गाठ. झालं बत्तीस पानी पुस्तक. छापील चित्रपुस्तकंही बहुतेक बत्तीस पानांचीच असतात, मोठा कागद घड्या घालून कापला की पानं सोळाच्या पटीत पडतात म्हणून. छापील बाजूवर गणपती आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' तसंच राहू द्या, लेकरं त्यालाही गोष्टीत घेतात.

विषय? तुमच्या लातूरची बाजारपेठ, गंजगोलाई घ्या. वरून कशी दिसेल ते तिला काढू द्या, मधे गोल आणि त्यातून फुटलेले सोळा रस्ते. प्रत्येक रस्ता एका गोष्टीत जातो. हा सोन्याच्या दुकानात, हा मिरच्यांत, हा थेट समुद्रात. नाहीतर येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचं शेतातलं जेवण. शेतातली कडब्याची कोप, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, आणि सगळे जेवून पेंगल्यावर कोपीत पुजलेले दगडांचे पांडव गुपचूप उठून काय करतात? ती सांगेल ते तुम्ही खाली लिहा, तिच्याच शब्दांत. ती 'आंबील सांडलालं' म्हणाली तर 'सांडत आहे' करू नका. शाळेच्या वहीत प्रमाण मराठी आहेच. हे तिचं पुस्तक आहे, आणि पांडव येळवशीला आलेत म्हटल्यावर ते लातूरचंच बोलणार.

आबांना पहिल्या पानाचं काम द्या. त्यांना त्या २०१६ च्या रेल्वेबद्दल नीट सांगायला लावा, टाक्या कशा होत्या, पाणी कुठं उतरवलं, तुमच्या गल्लीत किती दिवसांनी आलं. पोरगी चित्र काढेल. मला वाटतं तिच्या थापा ऐकायला तेच आधी येऊन बसतील.

आणि ताई, एक काम माझं. पाण्यानं भरलेल्या त्या रेल्वेतून मिनू आजीच्या गावाला पोचली कशी, पोहत की टाकीवर बसून, हा प्रश्न मला पत्र आल्यापासून पडलाय. तिला विचारून कळवा.